मदत हवी आहे: नीसला पाच रात्री, जुन्या गावात राहावं की स्टेशनजवळ? (सोबत सासू-सासरे आणि गुडघे)

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या शेवटी आम्ही पाच जण फ्रान्समधल्या नीसला पाच रात्री राहायला जातोय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून येणारे सासू-सासरे. आम्ही असतो नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, त्यामुळे विमानाचं, व्हिसाचं सगळं झालंय. घोडं अडलंय ते राहण्याच्या जागेवर. तीन आठवडे रोज रात्री ओटा आवरला की लॅपटॉप घेऊन बसते. नवरा म्हणतो, तुला आता नीसच्या गल्ल्या आपल्या गावापेक्षा जास्त पाठ आहेत.

आधी आमच्या अटी. आईंचे (सासूबाईंचे) गुडघे. चढताना फारसं काही होत नाही, उतरताना त्रास होतो. बाबा रोज अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणारे, त्यांना कुठेही चालवा. दोघंही पक्के शाकाहारी, त्यामुळे निदान रात्रीचा वरणभात घरी व्हायला हवा. लेकीला समुद्र सोडून कशाशीच देणंघेणं नाही.

तीन जागा निवडल्यात. पहिली जुन्या गावात, कूर सालेयाच्या बाजाराला लागून. खिडकीतून खाली फुलवाल्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे मांडव दिसतात, पलीकडे दोन मिनिटांवर समुद्र. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खरं सांगायचं तर मनाने मी तिथे राहायला गेलेच आहे. दुसरी म्हणजे रेल्वे स्टेशनजवळच्या हॉटेलात दोन खोल्या. लिफ्ट आहे, नाश्ता आहे, स्वयंपाकघर नाही. तिसरी रू रॉसिनीवरचं 'दू पिएस', म्हणजे टू बीएचके घर, चौथा मजला, लिफ्ट आहे असं लिहिलंय. समुद्र चालत दहा मिनिटं. फोटोत अगदीच साधं दिसतं.

कुणी राहून आलंय का? जुन्या गावाचा मोह सोडू का?

दर्यावर्दी

सोडा. मी बरीच वर्षं क्रूझवर होतो. जहाज शेजारच्या व्हिलफ्रांशच्या खाडीत नांगरून उभं राहायचं आणि चार तास मोकळे मिळाले की आम्ही नीस गाठायचो. जुनं गाव संध्याकाळी हिंडायला फार सुंदर, पण तिथल्या बहुतेक गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही. बॅगा दगडी फरशीवरून ओढत न्यायच्या आणि मग तो जिना. तिथले जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे, शतकानुशतकं पाय पडून मध्ये झिजलेले. तिसरा मजला म्हणजे आईंना दिवसातून एकदाच खाली आणायचं, असं ठरवूनच जा.

आणखी एक, लेकीला आधीच सांगून ठेवा. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही. पांढरे-करडे गोटे आहेत, लिंबाएवढे ते बटाट्याएवढे. अनवाणी चालवत नाही आणि पाणी चार पावलांत खोल होतं. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट न्या. वाळूच हवी तर लोकल ट्रेनने व्हिलफ्रांशला जा, आठेक मिनिटांचा प्रवास. स्टेशनातून उतरलं की खाली लगेच किनारा. आम्ही कोकणातली माणसं असल्या किनाऱ्याला पुळण म्हणणार नाही, पण मुलं खेळतात.

रानभूल

आम्ही जुन्या गावातच राहिलो आणि पुन्हा गेलो तरी तिथेच राहू. पण आम्ही दोघंच होतो, पस्तिशीतले, आणि एक-एक पाठपिशवी. पहाटे गाडे लावल्याचा खडखडाट, दुपारी बाजार उठला की त्याच जागेवर हॉटेलवाल्यांची टेबलं, आणि रात्री बारमधून बाहेर पडणाऱ्यांच्या गप्पा थेट उशाशी. आम्हाला मजा आली. साताऱ्याच्या आईंना येईल का ते तुम्हीच ठरवा.

सोमवारी तुमच्या खिडकीतून फुलं दिसणार नाहीत हेही सांगते. त्या दिवशी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पितळी दिवे, पोस्टकार्डं, चमचे वगैरे.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्यांचे हाल नाहीत. सोक्का म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, भलामोठा तांब्याचा थाळा आणि लाकडाची भट्टी. वर मिरपूड. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त कडेने करपलेलं आणि आत मऊ. आपल्याकडे भोपळ्याच्या फुलांची भजी मिळतात तशी इथे झुकिनीच्या फुलांची मिळतात, पण त्या पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्या. पिसालादिएर दिसायला कांद्याचा पिझ्झा, त्यात मासा असतो. नीसच्या प्रसिद्ध सॅलडमध्येही असतो.

अधमुरं_दही

नऊ वर्षं फ्रान्समध्ये आहे. ताई, तुमच्या तिसऱ्या पर्यायात मोठा घोळ आहे. 'दू पिएस' म्हणजे टू बीएचके नव्हे! इथे हॉलसुद्धा खोलीत मोजतात, स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. म्हणजे तुमच्या घरात एक बेडरूम आणि एक हॉल, आणि हॉलमध्ये सोफा उघडून केलेला पलंग. तो सोफा म्हणजे मध्ये लोखंडी दांडा पाठीला लागणारा प्रकार. पाच जणांना 'त्र्वा पिएस', म्हणजे दोन बेडरूम आणि हॉल, असं बघा. आमच्याकडे माझे आईवडील आले तेव्हा दुसऱ्या एका गावात मीच ही चूक केली होती. चार रात्री बाबा सोफ्यावर आणि मी त्यांच्या नजरेला नजर न देता चहा करतेय.

मजल्यांचा हिशोब आपल्यासारखाच, तळमजला शून्य धरून. लिफ्टचा मात्र नाही. या भागातल्या शंभर वर्षं जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असते, जिन्याच्या मधल्या पोकळीत. दोन माणसं आणि एक पिशवी, बस. आणि पुष्कळदा रस्त्यावरच्या दारापासून लिफ्टपर्यंत चार-सहा पायऱ्या असतातच. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' एवढंच लिहितात. मालकाला नुसतं विचारू नका, रस्त्यावरच्या दारातून लिफ्ट दिसेल असा फोटो मागा.

जागा म्हणून रू रॉसिनी चांगलीच. त्या भागाला संगीतकारांचा मोहल्लाच म्हणतात, व्हर्दी, गूनो, पागानिनी सगळे रस्त्यांवर आहेत. मुख्य म्हणजे ट्रामची दुसरी लाइन. ती विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलवरून निघते आणि पोर्त लिंपिया बंदराकडे जाते. अल्सास-लोरेन स्टॉपला उतरा. तो जमिनीखाली आहे, वर यायला लिफ्ट आहे. स्टेशनजवळचा भाग वाईट नाही, पण रुक्ष, आणि समुद्र पायी वीसेक मिनिटं. रोज मोनाको, आंतीब असं फिरणार असाल तर तिथे राहण्यात अर्थ. पाच दिवसांत आई किती ट्रेन करणार?

फिरस्ता_६९

मे अखेर म्हणताय तर आधी तारखा बघा. कानचा चित्रपट महोत्सव मेमध्ये असतो आणि मोनाकोची फॉर्म्युला वन शर्यत पूर्वी मे अखेर असायची, २०२६ पासून जूनच्या सुरुवातीला. दोन्ही गावं नीसहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत, त्यामुळे त्या दिवसांत नीसचे भाव कुठल्या कुठे जातात. दोन-चार दिवस पुढेमागे केलेत तरी फरक पडेल.

बाबांसाठी: नकाशात 'शातो'ची टेकडी दिसेल, म्हणजे किल्ल्याची. वर किल्ला नाही. चौदाव्या लुईने १७०६ मध्ये तो पाडून टाकायला लावला. बाग आहे, धबधबा आहे, आणि तिथून अख्खा उपसागर दिसतो. किनाऱ्याच्या पूर्व टोकाला बेलांदा बुरुजापाशी फुकट लिफ्ट आहे, आई त्यातून आणि बाबा पायऱ्यांनी. दुपारी बरोबर बाराला तोफेचा आवाज होतो. पहिल्यांदा दचकायला होतं.

चिंगीची_आई (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार! टू बीएचकेवरून नवरा दोन दिवस हसतोय.

जुनं गाव सोडलं. संध्याकाळी जाऊन सोक्का खाऊन येऊ. त्याच रू रॉसिनीच्या मागच्या रस्त्यावर एक 'त्र्वा पिएस' मिळालं, दुसरा मजला. तारखा तीन दिवसांनी पुढे ढकलल्या तर पाच रात्रींत एका रात्रीचे पैसे वाचले. मालकिणीकडे फोटो मागितला, तिने पाठवला. दारातून आत सहा पायऱ्या, मग लिफ्ट. मी तो आईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी म्हणे दोन बोटांनी फोटो मोठा करकरून पाहिला आणि फोन केला: "उतरताना कठडा डाव्या हाताला येतोय ना गं? मग चालेल." मला कठडा दिसलासुद्धा नव्हता. बुकिंग केलं.

बाबांना किल्ल्याचं सांगितलं. ते म्हणाले, साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने १७०० साली घेतला पण पाडला नाही.

आता दोनच शंका. आई साताऱ्याहून त्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणणार म्हणतायत, आणि आम्ही पोचतोय रविवारी रात्री नऊला.

अधमुरं_दही

शेगडीचा फोटोही मागा. काळी काच असेल आणि ती इंडक्शनची निघाली तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. तुमच्याकडचा स्टीलचा घ्या, तळाला फ्रिजवरचं चुंबक चिकटतं का बघून. आईंना आत्ताच सांगा, बॅग भरल्यावर नको.

रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद होतात, नऊला तर भरवसाच धरू नका. जाडे पोहे, दाणे, चहा, साखर, दुधाची पावडर घरून न्या. कांदे-बटाटे सोमवारी सकाळी. नीसच्या लिबेरासियाँ भागातला भाजीबाजार सोमवारी बंद असतो, त्यामुळे त्या दिवशी कोपऱ्यावरचं सुपरमार्केट, आणि बाजाराला मंगळवारी आईंना घेऊन जा, पहिल्या लाइनच्या ट्रामने.