पीठ ‘प्रूफ’ करणे : मराठीत काय म्हणावं?

शब्दहमाल
एका ब्रेड कारखान्यातले सूचनाफलक आणि कामगारांची पुस्तिका मराठीत करायचं काम हाती आलंय. आधीचा मसुदा बहुधा यंत्राकडून उतरवून घेतलेला. त्यात ‘अंतिम पुरावा : ५५ मिनिटे’ आणि ‘पुरावा कक्षात हात घालू नये’ अशी वाक्यं आहेत. पोलीस ठाण्यात लावायला हरकत नाही.

मला हवा असलेला शब्द असा : मळलेल्या मैद्याचे तुकडे साच्यांत पडले की ते साचे ओव्हनमध्ये जाण्याआधी एका उबदार, दमट खोलीतून तासभर फिरतात आणि मैदा फुगून वर येतो. याला तिथे प्रूफिंग म्हणतात, यंत्राला प्रूफर. ‘आंबवणे’ लिहून मोकळा होणार होतो, पण पुस्तिकेत फर्मेंटेशन वेगळं दिलंय. दोन्हींना एकच शब्द कसा चालवू?

आंबोळी
चालवा की! इडलीचं पीठ रात्री वाटून ठेवलं की आंबतं आणि फुगतं. दोन्ही एकदमच होतं. थंडीत डब्याला शाल गुंडाळायची, ती तुमची उबदार खोली. सकाळी झाकण काढून आई म्हणायची, ‘पीठ छान आलंय.’ आम्हाला कधी दोन शब्द लागले नाहीत.

माडाखाली
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पाव पोदेर, म्हणजे पाववाला, आणतो. पाव आणि पोदेर हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. पूर्वी पिठात यीस्टऐवजी माडाची सूर, म्हणजे माडी, घालत, तेव्हा ‘आंबवणे’ अगदी शब्दशः खरं होतं. यीस्टच्या पावाला तो आंबूस वास नाही. कारखान्याच्या ब्रेडबद्दल ‘आंबवला’ म्हटलं की मला तो बिघडल्यासारखा वाटतो. कालची आमटी आंबते, तसा.

जुना मुद्रितशोधक
मी आयुष्यभर प्रुफं तपासली, तेव्हा या शब्दावर माझा थोडा हक्क आहे. इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन ‘प्रोबारे’, म्हणजे पारखणे, पडताळून पाहणे. छापखान्यातलं प्रूफ तेच, न्यायालयातला पुरावा तोच, वॉटरप्रूफमधलं प्रूफही त्याच घरातलं. बेकरीत कसं शिरलं? यीस्ट जिवंत आहे की मेलेलं, याचा पडताळा पीठ फुगून देतं, म्हणून. आजही घरी ब्रेड करणारे यीस्ट कोमट साखरपाण्यात टाकून फेस येतो का ते आधी पाहतात.

म्हणजे तो त्यांच्या भाषेतला जुना अपघात आहे, आपण तो वाहून आणायचं कारण नाही. फ्रेंच लोक याच शेवटच्या फुगण्याला ‘आप्रे’ म्हणतात, म्हणजे तयारी. जर्मनांचा शब्द ‘गारे’, तो ‘तयार झालेला’ या अर्थाच्या विशेषणावरून आलाय. दोघांनीही पारख सोडून तयारी धरली. आणि आंबोळीताईंच्या आई काय म्हणायच्या? ‘पीठ आलंय.’ तेच की! आंबे पिकायला येतात, दुधाला कढ येतो, मटकीला मोड येतात. तयार होण्याला मराठीत ‘येणे’ हे क्रियापद आयतं आहे.

शब्दहमाल
मान्य. पण ‘पीठ येणे’चं सूचनेत काय करू? ‘चालकाने ५५ मिनिटे पीठ आणावे’? तो बिचारा पिशवी घेऊन गिरणीत जाईल.

पट्ट्यावरचा
मी अशा लाइनवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, फर्मेंटेशन आणि प्रूफिंग वेगळे का. यीस्टचं काम दोन्हीकडे एकच : साखर खाणं, वायू सोडणं. जुन्या पद्धतीत मळलेलं पीठ एकगठ्ठा दोन-तीन तास ठेवत, त्यात चव येते आणि पीठ लवचीक होतं. १९६१ साली इंग्लंडमधल्या चॉर्लीवूड इथल्या संशोधन संस्थेने एक पद्धत काढली. तिच्यात हे एकगठ्ठा थांबणंच काढून टाकलं. मिक्सरमध्ये पाच मिनिटांच्या आत दर किलोला सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा ओतून पीठ इतकं घुसळायचं की तासांचं काम मिनिटांत होतं. पण त्यांनासुद्धा साच्यातलं शेवटचं फुगणं काढता आलं नाही. ते सगळीकडे आहे. तेव्हा तुमच्या पुस्तिकेत दोन शब्द हवेतच.

दुसरी गोष्ट, लाइनवर प्रूफिंग दोनदा होतं. डिव्हायडर पिठाचे तुकडे पाडतो, राउंडर त्यांचे गोळे वळतो. लगेच मोल्डरमध्ये, म्हणजे ब्रेडचा आकार देणाऱ्या यंत्रात, घातले तर ते ताठ असतात, फाटतात. म्हणून आधी छोट्या खिशांच्या पाळण्यांतून पाच-दहा मिनिटं फिरवतात. तिथे फुगवणं हा हेतूच नसतो, नुसतं सैल पडू द्यायचं. मोल्डरनंतर साच्यात, आणि मग मोठा प्रूफर : साधारण ३८ ते ४० अंश, आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास, वेळ तासाभराच्या आगेमागे. हवा कोरडी पडली की पिठावर साल धरते आणि ब्रेड भाजताना ती तडकते. ओल जास्त झाली तर वर थेंब जमतात, कवचाला फोड येतात.

तिसरी गोष्ट हाताच्या बेकरीत कळत नाही. तिथे कारागीर बोटाने दाबून बघतो. खळगा झटकन भरला तर पीठ कच्चं, सावकाश भरत आला तर झालं, तसाच राहिला तर वेळ टळली. आलं की भट्टीत. आमच्याकडे उलटं आहे. पट्ट्याचा वेग ठरलेला, प्रूफरची लांबी ठरलेली, म्हणून वेळही ठरलेली. पिठानेच त्या वेळेत यायचं असतं. मग आम्ही यीस्ट कमी-जास्त करतो, पाण्याचं तापमान बदलतो. तासाला ६,००० ब्रेडची लाइन आणि तासाभराचं प्रूफिंग म्हटलं की कुठल्याही क्षणी ६,००० ब्रेड त्या खोलीत आहेत. पुढे ओव्हन दहा मिनिटं अडकला की या सगळ्यांना दहा मिनिटं जास्त मिळतात. पट्टा थांबतो, पीठ थांबत नाही. आणि एवढी मोठी खोली बटण दाबून थंड होत नसते. एकदा रात्रपाळीला साच्यांच्या काठावरून पीठ ओघळलेलं पाहिलंय. ओव्हनमध्ये जाताजाता धक्क्याने बसलं. सगळा माल वाया.

शब्द विचाराल तर आम्ही ‘प्रूफर’च म्हणतो. पीठ ‘कच्चं आहे’, ‘आलं’ आणि ‘बसलं’, या तीन शब्दांवर पाळी निघते.

आंबोळी
बसलं! केक बसतो तसं. माझा हट्ट मागे घेते. इडलीच्या पिठाला कोणी पट्ट्यावर चालवत नाही हे विसरले होते.

माडाखाली
‘खमीर’ का नको? ‘बेखमीर भाकर’ मराठी बायबलमुळे चर्चमध्ये ऐकून सगळ्यांना ठाऊक आहे.

जुना मुद्रितशोधक
खमीर म्हणजे घालायचा पदार्थ, घडणारी क्रिया नव्हे. शिवाय बाकी मराठीत त्याचा अर्थ धमक असा रुळलाय. ‘या पिठात खमीर नाही’ म्हटलं तर निवडणुकीचं भाषण वाटेल. फर्मेंटेशनसाठी पाठ्यपुस्तकातला ‘किण्वन’ आहे. ‘किण्व’ कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही मद्याच्या संदर्भात सापडतो. वंशावळ चांगली, पण मिक्सरपाशी उभ्या माणसाच्या तोंडी बसणार नाही. तिथे ‘आंबवणे’च ठेवा.

प्रूफिंगसाठी मी ‘उबवणे’ सुचवतो. ऊब, ओल, ठरलेला काळ आणि आत काहीतरी जिवंत, चारही गोष्टी त्यात आल्या. सरकारी ‘अंडी उबवणी केंद्रं’ आहेतच, तेव्हा ‘उबवणी’ हे नामही आयतं मिळतं. आणि ‘येणे’ आपोआप होतं, ‘उबवणे’ हे कुणीतरी करतं. तुमची व्याकरणाची अडचण तिथेच सुटते. आंब्याची ‘आढी’ही डोक्यात आली होती, पण आढीत पेंढा लागतो.

माडाखाली
उबवलेला ब्रेड म्हटल्यावर आतून पिल्लू निघेल.

जुना मुद्रितशोधक
मुद्रितशोधनातूनही कधी मुद्रा निघालेली नाही. चार दिवसांत सवय होते.

पट्ट्यावरचा
उबवणी चालेल. पण पहिल्या, छोट्या प्रूफरला तो शब्द लावू नका. तिथे बहुतेक लाइनींवर वेगळी ऊब देतच नाहीत, कारखान्याच्या हवेतच गोळे फिरतात.

आंबोळी
ते मला कळलं! पुरणपोळीची कणीक मळून झाकून ठेवतो, ती मुरली की लाटताना फाटत नाही. तेच ना? मग ‘मुरवणे’. आणि त्या गोळ्यांना गोळे काय म्हणता, ‘उंडे’ म्हणा. कणकेचा उंडा.

माडाखाली
आमच्या एका पावाचं नावच उंडो आहे. गोल, वरून कडक. या शब्दाला माझं मत.

शब्दहमाल
सगळ्यांचे आभार. मसुदा असा केलाय, तपासा :

‘मळलेले पीठ आंबवण्यासाठी ठेवू नये, थेट डिव्हायडरमध्ये सोडावे. वळलेले उंडे ८ मिनिटे मुरू द्यावेत. साच्यांतील पिठाची उबवणी : ५५ मिनिटे, ३८ अंश. पीठ साच्याच्या काठाच्या खाली ठरलेल्या खुणेपर्यंत आले पाहिजे. त्याआधी कच्चे समजावे. ओव्हन थांबल्यास उबवणी कक्षात नवे साचे सोडू नयेत.’

दारावर ‘उबवणी कक्ष’ लिहू ना?

पट्ट्यावरचा
दारावर लिहा. बटणावर मात्र ‘प्रूफर’च राहू द्या. ओव्हन अडकल्यावर रात्री तीन वाजता कुणी उबवणी शोधत बसणार नाही. आणि ‘पीठ आले पाहिजे’ तसंच ठेवा, ते वाक्य आम्ही रोज बोलतो.