रॉयल्टी अ‍ॅनालिस्टचं काम नेमकं कसं असतं?

प्रश्न: मी अकाउंट्समधे आहे, आता एका म्युझिक पब्लिशरकडे रॉयल्टी अ‍ॅनालिस्टचा इंटरव्ह्यू आहे. दिवसभर नुसतं एक्सेलच का? गाण्यांशी काही संबंध येतो का?

उत्तर: एक्सेल आहेच, थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) पण शिकून घे. पण खरा वेळ जातो मॅचिंगमधे, म्हणजे आलेले पैसे कुठल्या गाण्याचे आणि कोणाचे हे जुळवण्यात. एका गाण्यात हक्क दोन, रेकॉर्डिंगचा वेगळा आणि शब्द-चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकी कोड आणि रचनेला आयएसडब्ल्यूसी, हे नीट जोडलेले नसले की पैसे येऊन नुसते पडून राहतात. मला एकदा एकाच गीतकाराचं नाव तीन स्पेलिंगने सापडलं, वाट्यांची बेरीज १०० टक्क्यांऐवजी ११० येत होती, दोन दिवस जुने करार चाळत बसले तेव्हा कळलं की एक वाटा दोनदा धरलाय. त्यांचे अडकलेले पैसे सुटले तेव्हा फार बरं वाटलं गं.

उत्तर: करार वाचता येणं सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅडव्हान्स (आधीच दिलेली उचल) फिटेपर्यंत स्टेटमेंटवर कमाई दिसते पण हातात काही पडत नाही, मग कलाकार वैतागून फोन करतात. त्यांना शांतपणे एकेक ओळ समजावून सांग, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो.

प्रश्नकर्ती: थँक्यू ताई, करार वाचायला आजच बसते!