'-ता कोतो गा आरु' आणि आपलं 'केलेलं आहे'

प्रश्न : 'क्योतोला गेलो' यासाठी जपानीत 'क्योतो ए इकिमाशिता' म्हणतात. मग 'क्योतो ए इत्ता कोतो गा आरिमासु' कधी म्हणायचं? दोन्हीकडे भूतकाळच आहे ना?

उत्तर : पूर्ण नाही. भूतकाळ 'इत्ता'पाशी (गेलो) संपतो. 'कोतो' म्हणजे गोष्ट, आणि शेवटचं 'आरिमासु' (आहे; 'आरु'चं नम्र रूप) वर्तमानकाळात आहे. क्योतोला जाणं आजवर आपल्या गाठीशी आहे, एवढंच हे वाक्य सांगतं; कधी गेलो ते सांगत नाही. म्हणूनच 'किनो' (काल) त्यात बसत नाही, तिथे सरळ 'इकिमाशिता' म्हणायचं. 'कोदोमो नो तोकी' (लहानपणी) मात्र चालतं.

मराठी माणसाने हे इंग्रजीच्या वाटेने शिकू नये असं मला मनापासून वाटतं. 'मी क्योतोला गेलेलो आहे', 'नात्तो (आंबवलेले सोयाबीन) खाल्लेलं आहे' ही आपली रचना जवळजवळ तेच काम करते. पण आपलं '-लेला आहे' दोन कामं करतं. 'मी जेवलेलो आहे, आता नको' यात अनुभव नाही, आत्ताची स्थिती आहे. त्याला जपानीत 'मोऽ ताबेमाशिता' (आधीच जेवलो) म्हणतात. तिथे 'ताबेता कोतो गा आरिमासु' म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. वाक्यात 'आयुष्यात कधीतरी' घालून पाहा. अर्थ टिकला तरच 'कोतो गा आरु' वापरा. रोजच्या गोष्टींना, म्हणजे भात खाणं, पाणी पिणं यांना, ते शोभत नाही.

प्रश्न : आणि नकार?

उत्तर : 'नात्तो ओ ताबेता कोतो गा आरिमासेन', म्हणजे नात्तो कधी खाल्लेलं नाही. जोर द्यायचा तर 'इचिदो मो' (एकदाही) जोडा. नकार शेवटीच ठेवा, कारण 'ताबेनाकात्ता कोतो गा आरु' याचा अर्थ 'न खाल्ल्याचा प्रसंग घडलेला आहे' असा होतो.

'ता'रूपाकडेही ('इत्ता', 'ताबेता' अशा भूतकाळी रूपाकडे) लक्ष असू द्या. 'ताबेरु कोतो गा आरु' म्हणजे 'कधीकधी खातो', त्याचा पूर्वानुभवाशी संबंध नाही.

प्रश्न : कुणी 'नात्तो ओ ताबेता कोतो गा आरिमासु का' (नात्तो कधी खाल्लंय का) विचारलं तर 'हाइ, ताबेमाशिता' (हो, खाल्लं) चालेल?

उत्तर : 'हाइ, आरिमासु' म्हणा. आपण 'हो, खाल्लंय' म्हणताना खाण्याचं क्रियापद परत घेतो. इथे प्रश्न 'आरु'वर संपलाय, तेच परत यायला हवं.