परिसरातून शिकवल्यानं गणितात खरंच फरक पडतो का? (करवीर तालुका, सातवी)

प्रश्न
वर्गात 38 मुलं, बहुतेक ऊसवाल्या घरातली. परिसराशी जोडून शिकवा असं सगळे सांगतात, पण पालक विचारतात, 'गुऱ्हाळ बघून मार्क वाढणार हाईत का?' सहलीपलीकडं यातून काय पदरात पडतं? दिवाळीनंतर दोन-तीन तासिकांत बसेल असं काही सुचवा.

पाटकरी
ताई, नुसतं बघून काही वाढत नाही, मोजायला लावा. नदीवर नेऊ नका, शेतातला पाट पुरे. गवत नसलेला सरळ 10 मीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांना सुतळी ताणा. रुंदी आणि खोली तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. मग संत्रं सोडा, वेळ तीनदा घ्या. पान किंवा थर्माकोल नको, वाऱ्यानं पळतं.

समजा रुंदी 40 सेंमी, खोली 15 सेंमी, वेळ 25 सेकंद. वेग सेकंदाला 0.4 मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं म्हणून 0.8 नं गुणा, 0.32 झाले. 0.4 × 0.15 × 0.32 = 0.0192 घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 19 लिटर.

हमखास चूक म्हणजे सेंटिमीटर तसेच ठेवून गुणणं. मग सेकंदाला 1 लाख 92 हजार लिटर येतात, आणि रात्री पाणी पाजायला जाणाऱ्या घरातलं पोरगं पहिलं हसतं. वहीत हीच चूक लाल रेघेवर संपते. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारं पोर इथं बाकीच्यांना समजावतं. माझ्या मते खरा फायदा तो.

ढेप
गुऱ्हाळावर शेकडेवारी घ्या. 100 किलो उसाचा रस 60 किलोच्या आसपास निघतो, गूळ 10 ते 12 किलो. बाकीचं गेलं कुठं? चिपाड, रसावरची मळी आणि वाफ. चिपाड वाळवून चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) जातं, तेही हिशेबात धरा.
लेझरचा तापमापक काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, धरू नका, वाफ आणि फेसामुळं आकडा चुकतो. गूळ झाला की नाही हे गुळव्या (गूळ करणारा कारागीर) थंड पाण्यात थेंब टाकून बघतो, गोळी वळली की काहील उतरवतात. ते मुलांना दाखवा, विज्ञानाचा तास तिथंच होतो.

खडूफळा
दोघांचं बरोबर, पण परत वर्गात येऊन लेखी उदाहरण सोडवलं नाही तर पेपरात काही दिसणार नाही. पालकांना हेही सांगा.
पुराचे आकडेही वापरा. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. मुलांना वाटतं 43 फूट पाणी गल्लीत येतं. ते मोजपट्टीवरचं वाचन आहे, गल्लीतली खोली नव्हे. 43 × 0.3048 = 13.1 मीटर, दोन पातळ्यांतलं अंतर 1.2 मीटर. मग गल्लीतली पुराची खूण जमिनीपासून मोजायला लावा.

प्रश्नकर्ती
पाट पक्का. गुऱ्हाळावर सगळ्यांना एकदम नेता येईल का?

ढेप
नको ओ. 9-10 जणांचे चार गट करा. एक गट काहिलीपासून लांब उभा राहून बघेल, एक ऊस-चिपाडाचं वजन करेल, एक गुळव्याला प्रश्न विचारेल, एक लिहील. 20 मिनिटांनी बदल. काहील उतरवायच्या वेळी मात्र सगळे बाहेर. आणि मालकाला आदल्या दिवशी आदण (काहिलीतला एका वेळचा रस) कधी उतरणार ते विचारून ठेवा.