गोड-खाऱ्या लाह्या घरी: जमलेल्या आणि करपलेल्या

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन इथं संभाजीनगरात सिनेमाला गेलो. मध्यंतरात तिला अर्धे गोड, अर्धे खारे पॉपकॉर्न पाहिजे होते. घेतले, आणि पैसे देताना माझंच तोंड कडू झालं. तिकिटापेक्षा लाह्या महाग! "घरी करू की, त्यात काय एवढं," असं बोलून बसलो. तिथून तीन रविवार गेले.

पहिल्या रविवारी दाणे, तेल, साखर, मीठ सगळं एकदमच कुकरात टाकलं. निम्मे दाणे फुटायच्या आत घरभर धूर. दुसऱ्या रविवारी साध्या लाह्या करून वरून साखर-मीठ भुरभुरलं, तर लाह्या कोरड्याच राहिल्या आणि साखर भांड्याच्या तळाला. तिसऱ्या रविवारी गुळाचा पाक ओतला. बायकोनं तो लगदा ताटात थापून वड्या पाडायचा प्रयत्न केला, यावरून काय झालं ते समजा.

ज्यांनी घरी गोड-खाऱ्या लाह्या केल्यात, मक्याच्या असोत की ज्वारीच्या, त्यांनी अनुभव लिहा. जमलेलं लिहाच, फसलेलं तर आधी लिहा.

लातूर

दादा, साखर पहिल्यापासून टाकली तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडं दर शनिवारी होतात, त्यामुळं हात बसलाय. पाच लिटरचा जाड बुडाचा कुकर घेते. रिंग आणि शिट्टी काढून झाकण नुसतं टेकवायचं, वाफ बाहेर गेली पाहिजे, नाहीतर लाह्या चामट होतात. तीन चमचे तेल, त्यात आधी तीनच दाणे. ते तिन्ही फुटले की तेल तापलं. मग अर्धी वाटी दाणे, त्यावर दोन मोठे चमचे साखर, एकदा हलवायचं आणि झाकण टेकवायचं. गॅस मध्यम.

आता इथून पुढं फोन उचलायचा नाही, दाराची बेल वाजली तरी जायचं नाही. दोन्ही हातांत फडकी धरून कुकर सारखा हलवत राहायचा. माझ्या पोराचं म्हणणं, दाणा फुटतो साधारण 180 अंशाला आणि साखर 160-170 च्या पुढंच तांबूस व्हायला लागते. म्हणजे साखर करपायच्या वाटेवर असतानाच दाणे फुटायचे असतात, मध्ये जागा थोडी. हलवत राहिलं की साखर एका जागी तळाला बसत नाही. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांची गॅप पडायला लागली की लगेच मोठ्या परातीत ओतायचं. शेवटचे दहा-वीस दाणे फुटावेत म्हणून थांबलात की सगळं कडू. गणंगांचा, म्हणजे न फुटलेल्या दाण्यांचा, मोह सोडायचा.

मीठ परातीत ओतल्याबरोबर, साखर अजून चिकट असताना. पाव चमचा पुरतं. मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून ठेवा, खडबडीत मीठ घरंगळून खालीच जातं.

आणि परातीत हात घालू नका. वितळलेली साखर बोटाला चिकटली की निघत नाही. माझ्या अंगठ्यावर डाग आहे अजून.

बीड

वरून भुरभुरायचं असेल तर लोणी नको, तूप घ्या. लोण्यात पाणी असतं, लाह्या लगेच मऊ पडतात. दोन चमचे पातळ तूप लाह्यांवर फिरवायचं, मग पिठीसाखर आणि बारीक मीठ, आणि मोठ्या डब्यात घालून डबा हलवायचा. आमच्या घरी ही पद्धत, कारण सासऱ्यांना साखर चालत नाही. त्यांच्या लाह्या आधी बाजूला काढून नुसतं तूप-मीठ-जिरेपूड. एकाच घाण्यात दोन्ही होतात.

परभणी, कृषी विद्यापीठाजवळ

सगळे साखरेवरच बोलायलेत, दाण्याबद्दल कुणीच नाही. लाही फुटते ती आतल्या पाण्यानं. दाण्यात साधारण 13-14 टक्के ओल असते. तापलं की तिची वाफ होते, बाहेरचं टरफल कडक आणि बंद, म्हणून दाब वाढत जातो. तो बाहेरच्या हवेच्या आठ-नऊ पट झाला की टरफल फाटतं आणि आतला मऊ झालेला पिठूळ भाग उलटा होऊन फुलतो. टरफलाला चीर असली की वाफ हळूच निसटते आणि दाणा तसाच राहतो.

आमच्या परभणीच्या मे महिन्यात उघड्या डब्यातले दाणे वाळून ठणठणीत होतात आणि मग माणूस पाकिटाला शिव्या देतो. दोन वाट्या दाण्यांना एक चमचा पाणी बरणीत घालायचं, घट्ट झाकण लावून खळखळ हलवायचं, दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं, रोज एकदा हलवायचं. मागच्या उन्हाळ्यात निम्मे गणंग निघणारे दाणे मी असे सुधारले. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथं ते आणखी सुकतात.

सिल्लोड

आमच्या तालुक्यात खरिपात नजर जाईल तिकडं मका. लहानपणी मी आणि भावानं शेतातल्या कणसाचे दाणे सोलून कढईत टाकले होते. अर्धा तास परतलं. एक फुटला नाही. दोन-चार दाणे तडकले, बाकीचे भाजून दगड. बाप हसून हसून बाजेवर आडवा पडला. लाह्यांचा मका वेगळा असतो हे तेव्हा कुठं माहीत? हा आमचा मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो. ट्रॉलीभर मका मोंढ्यात घालून येताना पोरांसाठी पॉपकॉर्नच्या दाण्याचं पाकीट विकत आणतो, आता काय बोलावं.

हिंगोली (आजी सांगायली, मी लिहायलेय)

"ते मक्याचं तुमचं नवीन. आमच्या लाह्या ज्वारीच्या. पंचमीला नागोबाला दूध-लाह्या लागतातच की. पंचमीच्या आदल्या दिवशी ज्वारीवर कडक पाणी वतायचं, जरा वेळानं निथळायचं, फडक्यात गच्च बांधून ठेवायची रातभर. सकाळी सावलीत जरा कोरडी करायची. वरून कोरडी, आतून वली, अशी पाहिजे. लोखंडी कढई लई तापू द्यायची आणि एका वेळेला एक मूठच टाकायची. जास्ती टाकली की कढई गार पडती, मग लाही फुलत न्हाई. फडक्याचा बोळा घेऊन वरून दाबत फिरवायचं, न्हाईतर चुलीपासून उंबऱ्यापोतर लाह्या उडतात. आम्ही पोरी त्या येचून खायचो.

गोड-खारं म्हणालीस तर आम्ही गुळात करायचो. गूळ कढईत इरघळायचा, त्यात चमचाभर तूप, मिठाची चिमूट, भाजलेले तीळ, शेंगदाण्याचं कूट. मिठानं गूळ जास्ती गोड लागतो, हे आम्हाला कुणी शिकवलं न्हाई. आणि राहिलेल्या लाह्यांचं पीठ करायचं, ताकात कालवून मीठ घालून खायचं. उन्हातनं आलेल्या माणसाला त्याच्यासारखं दुसरं न्हाई."

मी सांगते: आजीच्या पद्धतीनं मी केल्या तेव्हा पहिल्या दोन मुठी वाया गेल्या, कारण ज्वारी बाहेरूनही ओलीच राहिली होती. तिसऱ्या मुठीला फुलल्या. ज्वारीची लाही मक्यापेक्षा बारीक, टरफल दातांत अडकत नाही. आजीला दात नाहीत, तरी ती खाते.

धाराशिव

दादा, तुमचा लगदा माझ्याही घरी झाला होता, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते. चूक पाक कच्चा राहण्यात असते. गूळ नुसता वितळला म्हणजे पाक झाला असं नाही. त्यात पाणी असतं, ते लाही पिऊन टाकते. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा. बोटानं ओढल्यावर ताणला गेला तर कच्चा. कडक होऊन खटकन मोडला तर झाला. तीळगुळाच्या वडीला आपण करतो तीच परीक्षा, लाह्यांना का कुणास ठाऊक आपण ती विसरतो.

गूळही बघून घ्यायचा. नेहमीचा मऊ, ओलसर गूळ या कामाला फसवतो. दुकानात चिक्कीचा गूळ म्हणून मागा. माझं माप: मोठं पातेलं भरून लाह्यांना पाऊण वाटी गूळ, दोन चमचे तूप, पाव चमचा मीठ. पाक खटकन मोडला की गॅस बंद आणि चिमूटभर खायचा सोडा. पाक फेसाळून वर येतो, घाबरायचं नाही, पातेलं मोठं घ्यायचं. त्या फेसातल्या बुडबुड्यांमुळं वरचं आवरण हलकं होतं, दाताला टणक लागत नाही. लगेच लाह्या टाकून दोन उलथन्यांनी वर-खाली, आणि तूप लावलेल्या परातीत पसरायचं. लाह्या आधी चाळून गणंग काढून टाका. पाकात लपलेला गणंग म्हणजे दाताच्या डॉक्टरची फी.

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. श्रावणात मी हे करतच नाही. पावसाळी हवेत तासाभरात हाताला चिकटायला लागतं.

जालना, शाळेत शिकवते

आमच्या शाळेच्या आनंदनगरीत सहावीच्या पोरांनी गोड-खाऱ्या लाह्यांचा स्टॉल लावला होता. दहा रुपयाला कागदाचा कोन. घरून दोन घाणे गोड, तीन घाणे खारे करून आणलेले, तिथं पातेल्यात मिसळायचे. एक पोरगा हुशार निघाला. त्यानं खाऱ्याला तेलातच हळद घातली होती, त्यामुळं खारे पिवळे आणि गोड तांबूस. लोकांना बघूनच कळत होतं की दोन चवी आहेत. पहिल्या तासात पातेलं रिकामं. शेजारच्या भेळवाल्या पोरींनी उरलेल्या गणंगांवर हक्क सांगितला म्हणून भांडणही झालं, ते मिटवण्यात माझी भेळ खायची राहून गेली.

हळदीची युक्ती घेण्यासारखी आहे. वेगवेगळं करून शेवटी मिसळलं की मिठाचा अंदाज चुकायची भीती नाही.

अंबाजोगाई

एक सांगून ठेवते, बालरुग्ण विभागात काम केलंय म्हणून. चार वर्षांखालच्या लेकरांना लाही देऊ नका, गोड असो की खारी. ठसका लागून श्वासनलिकेत अडकते. मोठ्यांच्या हातातली परात त्यांच्या उंचीवर ठेवू नका. बाकी चालू द्या.

संभाजीनगर, कर सल्लागाराच्या ऑफिसात कारकून

तुम्ही सगळे चवीचं बोलताय, आमच्या ऑफिसात लाह्या म्हणजे दराचा विषय. 21 डिसेंबर 2024 ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि लाह्यांवरून देशभर हसं झालं. सुट्या खाऱ्या-मसाल्याच्या लाह्यांना 5 टक्के, त्याच पाकीटबंद लेबल लावून विकल्या तर 12, आणि कॅरेमलच्या गोड लाह्यांना 18, कारण साखर चढली की ती मिठाईच्या वर्गात जाते. सप्टेंबर 2025 पासून पाकिटातल्या खाऱ्याही 5 वर आल्या. साहेब चहा पिताना म्हणाले, "अर्धं-अर्धं घेतलं तर बिल कसं फाडायचं रे?" मी म्हटलं, घरी करा, परातीतल्या लाह्यांवर अजून जीएसटी नाही.

नांदेड

करपलेल्या कुकराचं कुणी लिहिलं नाही म्हणून. घासू नका! पाणी भरून उकळा. साखर विरघळून आपोआप सुटते, तळाला काळं राहिलंच तर पाण्यात खायचा सोडा टाकून पुन्हा उकळा. माझ्या सासूबाईंना कळायच्या आत मी दोनदा असा कुकर वाचवलाय.

धागा काढणारा, परत

चौथा रविवार. सगळ्यांचे अनुभव वाचून लातूरच्या ताईंची पद्धत धरली, मीठ मिक्सरला फिरवून घेतलं, आणि जालन्याच्या पोराची हळद. परभणीचं ऐकून दाणे गुरुवारीच बरणीत घालून ठेवले होते, रोज खळखळवले. बायको विचारत होती, बरणीत काय आहे म्हणून.

पहिला घाणा खारा, पिवळा, झकास. दुसरा गोड. दोन्ही हातांनी कुकर हलवत होतो तेवढ्यात फोन वाजला. उचलला नाही. गॅप पडल्याबरोबर परातीत ओतलं. पाव वाटी गणंग राहिले, राहू दिले. रंग तांबूस, एखादा दाणा जरा जास्त तांबडा, पण कडू नाही. लेकीनं दोन्ही परातीत मिसळले आणि टीव्हीसमोर बसली.

पाच मिनिटांनी आली, परातीतले सगळे गोड वेचून खाल्लेले, पिवळे तसेच. म्हणते, "बाबा, पुढच्या वेळी हळद नको टाकू. मिसळले की कोणते कोणते ते कळलं नाही पाहिजे, तेच तर मजा असते."

फोन आईचा होता. पंचमीला ज्वारी पाठवू का विचारायला.