पार्सल अडकल्याचा मेसेज आलाय, खरा आहे का? (सोसायटीच्या ग्रुपवरून; आकडे फ्लॅटचे)

३०४ काकू: मला आत्ता मेसेज आलाय. पार्सलचा पत्ता अपुरा आहे, १२ तासांत दुरुस्त केला नाही तर परत जाईल म्हणे. खाली लिंक आहे. मी खरंच एक पार्सल मागवलंय. भरू का पत्ता?

५०१: काकू, थांबा! लिंक उघडू नका. आधी स्क्रीनशॉट टाका.

३०४ काकू: टाकला. पण अरे, या कुरिअर कंपनीचे खरे मेसेज ज्या नावाने येतात, त्यांच्याच खाली आलाय हा.

५०१: तिथेच माणूस फसतो. पाठवणाऱ्याचं नाव खोटं घालता येतं आणि नाव जुळलं की फोन नवा मेसेज जुन्यांच्या खाली लावून टाकतो. लिंक अशी वाचा: सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा (//) सोडा. पुढे पहिली एकटी तिरकी रेघ येईल, तिथून मागे या. रेघेच्या लगेच आधीचे, डॉटने वेगळे केलेले दोन तुकडे (काही देशांच्या पत्त्यांत तीन) म्हणजे खरी साइट. तुमच्या लिंकमध्ये तिथे ‘ट्रॅक-अपडेट डॉट टॉप’ आहे. कंपनीचं नाव त्याच्याही आधी चिकटवलंय. तसं कुणीही चिकटवू शकतं.

२०३ काका: पण वर कुलपाचं चिन्ह असतं ना? मला काल हाच मेसेज आला होता. मागितलेली रक्कम अगदी किरकोळ होती. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपीही दिला.

५०१: काका, आधी कार्ड ब्लॉक करा, आत्ताच्या आत्ता! कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच फोन करा, मेसेजमधल्या नको. कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे कुलूप सांगत नाही. कुलपासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं ते चिन्ह बदलून टाकलं.

१०२ ताई: पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवून साइटवर आपोआप भरणारं ॲप) वापरा सगळ्यांनी, खरंच. तो साइटचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवतो. रशियन लिपीतला ‘а’ आपल्याला हुबेहूब इंग्रजी वाटतो, त्याला नाही. ओळखीच्या साइटवर त्याने पासवर्ड भरला नाही, की मी हात आखडता घेते.

२०३ काका: कार्ड ब्लॉक झालं. रात्री दोन व्यवहार झालेत, बँकेने लेखी तक्रार द्यायला सांगितलंय. काल घरीसुद्धा बोललो नाही, लाज वाटत होती.

सेक्रेटरी: काका, तुम्ही इथे लिहिलंत म्हणून बाकीचे सावध झाले. तक्रार लिहायला मी येतो.

५०१: मीही येतोय. त्या पानावर पासवर्ड टाकला होता का? तोच ई-मेललाही असेल, तर आधी तो बदलू.

३०४ काकू: मी दुकानाचं ॲप उघडून पाहिलं. पत्ता बरोबर आहे, पार्सल उद्या येतंय. तो मेसेज डिलीट करते.

५०१: आधी स्पॅम म्हणून रिपोर्ट करा काकू, मग डिलीट.