चर्चा: परदेशात सुरक्षित राहून मायदेशातल्या लढणाऱ्यांना धीर द्यावा का?

धागाकर्ता: नदीकाठ

गेली नऊ वर्षे मी अमेरिकेतील इंडियाना राज्यात फोर्ट वेन येथे राहतो. म्यानमारमधून आलेल्या निर्वासितांची येथे मोठी वस्ती आहे. माझे शेजारी (मी त्यांना काका म्हणतो) १९८८ च्या लोकशाहीसाठीच्या उठावाच्या वेळी यांगूनमध्ये विद्यार्थी होते. ८ ऑगस्टच्या सार्वत्रिक संपानंतर सप्टेंबरात लष्कराने सत्ता हाती घेतली आणि गोळीबार झाला, तेव्हा ते थायलंडच्या सीमेकडे पळाले आणि बरीच वर्षे छावणीत काढून इथे आले.

त्यांची पुतणी मंडालेत शिक्षिका होती. मंडाले म्हटले की आपल्याला १९०८ ते १९१४ चा टिळकांचा कारावास आठवतो. त्याच शहरात १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर हिने सरकारी नोकरीवर बहिष्कार घातला आणि आज ती लपूनछपून मुलांना शिकवते. गेल्या रविवारी काकांनी तिच्यासाठी मोबाइलवर एक निरोप ध्वनिमुद्रित केला. आवाज भरून आल्यामुळे त्यांनी तो दोनदा पुसला. तिसऱ्या खेपेला तो जमला, पण त्यात ना तिचे नाव होते, ना गावाचे, कारण तिकडच्या नाक्यांवर सैनिक मोबाइल उघडून पाहतात. त्याचा अर्थ त्यांनी मला सांगितला तो असा: "१९९० मध्ये लोकांनी ४८५ पैकी ३९२ जागा लोकशाहीवाल्या पक्षाला दिल्या, २०२० मध्ये ४७६ पैकी ३९६ दिल्या. दोन्ही वेळा निकाल पायाखाली तुडवला, पण लोकांना काय हवे आहे ते खोडता आले नाही. तू चुकीच्या बाजूला उभी नाहीस. थकलीस तर बस."

माझे मत असे आहे की असा धीर देणे हे प्रत्येक स्थलांतरिताचे कर्तव्यच आहे. आपल्याला जग विसरले, असे लोकांना वाटू लागणे हाच लष्कराचा सर्वांत मोठा विजय असतो, आणि तो हिरावून घेण्याचे काम बाहेरची माणसेच करू शकतात.

प्रतिसाद: सातपुडा

काकांच्या भावनेबद्दल आदर आहे, पण आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. २०२१ च्या लष्करी उठावानंतर लष्कराच्या हातून सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याची नोंद राजकीय कैद्यांसाठी काम करणाऱ्या संघटनेने केली आहे. जुलै २०२२ मध्ये माजी खासदार फ्यो झेया थॉ आणि १९८८ च्या उठावातले ज्येष्ठ कार्यकर्ते क्यॉ मिन यू यांच्यासह चौघांना फाशी दिली गेली. फेब्रुवारी २०२४ पासून सक्तीची सैन्यभरती लागू आहे आणि तरुण मुले रातोरात सीमा ओलांडत आहेत. अशा देशात एखाद्या शिक्षिकेला "तू योग्य बाजूला आहेस" असे सांगणाऱ्याला त्या वाक्याची किंमत मोजावी लागत नाही. ती मोजते ती पुतणी आणि तिच्या घरची माणसे.

तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकत होते. ब्रिटिशांविरुद्धच्या गदर पक्षात सामील झाल्यावर तेही तिथूनच इतरांना प्रोत्साहन देत बसू शकले असते, परंतु १९१४ मध्ये ते स्वतः परत आले, मीरतच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. हाक देण्याचा अधिकार मी अशा माणसाचा मानतो.

प्रतिसाद: जुनी वही

सातपुडा यांचा मुद्दा रास्त आहे, पण हाक देणे आणि धीर देणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. आणीबाणीत माझे वडील स्थानबद्ध होते. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. त्या काळात अमेरिकेतल्या काही भारतीयांनी रस्त्यावर उतरून निदर्शने केली आणि त्यापायी काहींचे पासपोर्ट गेले. माझा मामा तिकडेच होता. इथली वर्तमानपत्रे गप्प असताना त्याने एका परिचिताच्या हाती तिकडच्या वर्तमानपत्राचे एक कात्रण पाठवले. आईला इंग्रजी फारसे येत नसे. तरीही तिने ते घडी घालून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवले होते आणि तांदूळ काढताना ते जागेवर आहे ना, हे ती बोटांनी चाचपून पाहत असे. मामाने "लढा" असे कधीच लिहिले नाही. इथे काय चालले आहे ते तिकडे ठाऊक आहे, एवढेच त्या कात्रणातून कळत होते, आणि मार्च १९७७ च्या निवडणुकीपर्यंत आईला तेवढे पुरले.

प्रतिसाद: कोरा कागद

धीर द्यायचा तो कोणाला, हेही विचारले पाहिजे. २०१७ मध्ये लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना, म्हणजे म्यानमारमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांना, बांगलादेशात पळावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच लोकशाहीवाल्या पक्षाच्या नेत्या आंग सान सू ची यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात स्वतः उभे राहून रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध देशाची बाजू मांडली, तेव्हा परदेशातल्या बर्मी वस्त्यांतून त्यांच्या समर्थनार्थ लोक जमले होते. लोकशाही फक्त आपल्या जमातीपुरती मागणाऱ्यांचा धीर मला अपुरा वाटतो.

धागाकर्ता: नदीकाठ

कोरा कागद, आपला प्रश्न मी काकांना तसाच विचारला. त्या वेळी आपण गप्प राहिलो आणि त्याची आपल्याला लाज वाटते, असे ते म्हणाले. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या अनेक तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. ते आपल्याला त्या मुलांकडून शिकावे लागले, असेही त्यांनी सांगितले. त्यांच्या वतीने मी याहून अधिक बोलणार नाही.

सातपुडा, काका केवळ निरोप पाठवून थांबत नाहीत. दर शनिवारी त्या घरी पहाटे चारला उठून मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, रांधून विकतात आणि ते पैसे नोकरी सोडलेल्या शिक्षकांना जातात. पाच दिवसांनी पुतणीचे उत्तर आले. त्यात लढ्याविषयी एक शब्दही नव्हता. वीज नसते म्हणून सौर दिवे हवेत आणि सहावीच्या गणिताच्या वह्या हव्यात, एवढेच तिने कळवले होते.

प्रतिसाद: सातपुडा

दिवे आणि वह्या तिने स्वतः मागितल्या असतील तर माझा निम्मा आक्षेप मी मागे घेतो. उरलेला निम्मा असा: उद्या ती "आता पुरे" म्हणाली, नोकरीवर परत गेली किंवा देश सोडून निघाली, तर काका तिला तितक्याच मायेने निरोप पाठवतील का?

धागाकर्ता: नदीकाठ

आपला प्रश्न मी काल संध्याकाळी त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी मला नवा निरोप ऐकवला. तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा होता. त्यात त्यांनी तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली होती, ती स्वतः वेळेवर जेवते का, हे विचारले होते, आणि कुठेही गेलीस तरी कळव, म्हणजे वह्या त्या पत्त्यावर पाठवता येतील, असे सांगितले होते.